लघवी तपासायची लाज, तिरडी बांधायची नाही?

'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.' बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात निधनवार्तांमधले हे वाक्य इतके रुळले आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतसुद्धा नाही. माणूस पंचेचाळीस-पन्नाशीचा असतो. सकाळी यंत्रमागावर उभा होता, किंवा केळीच्या बागेत पाणी सोडून आला होता. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोहोचला नाही. घरचे नशिबाला दोष देतात, शेजारी म्हणतात टेन्शन फार घ्यायचा. कुणाच्या घरी तेराव्याच्या पंगती उठतात, कुणाच्या घरी चाळिसाव्याचा फातिहा होतो, आणि एक प्रश्न कुणीही विचारत नाही. या माणसाची लघवी आयुष्यात एकदा तरी तपासली गेली होती का? बीपीची गोळी किती वर्षे चालू होती, पायांवर सूज कधीपासून येत होती, क्रिएटिनिन किती होते?

आम्ही हा प्रश्न विचारतो आहोत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार आहोत. असल्या कित्येक मृत्यूंची सुरुवात हृदयात झालेली नसते. ती कमरेच्या वर, पाठीशी असलेल्या मुठीएवढ्या दोन मूत्रपिंडांत झालेली असते आणि तीही दहा-पंधरा वर्षे आधी. मूत्रपिंड झिजत जाते, त्यासोबत साऱ्या देहातल्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नासत जाते, आणि अस्तर नासले की शेवटी हृदय कोसळते. दाखल्यावर नाव येते ते फक्त शेवटी कोसळलेल्याचे. मूळ कारण कागदावर येत नाही, म्हणून मोजले जात नाही. मोजले जात नाही, म्हणून त्यावर पैसा खर्च होत नाही. आणि पैसा खर्च होत नाही, म्हणून पुढचा माणूस मरतो.

रक्तवाहिनी म्हणजे नळी, असे आपण शाळेत शिकलो आणि तिथेच आपले नुकसान झाले. नळी निर्जीव असते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला मात्र जिवंत पेशींचा एक अखंड थर पसरलेला आहे. त्याची जाडी अवघी एका पेशीची. महाधमनीपासून डोळ्याला न दिसणाऱ्या केशवाहिनीपर्यंत रक्त जिथे जिथे जाते तिथे तिथे ते याच थराला लागून वाहते. वाहिनी कधी सैल सोडायची आणि कधी आवळायची, रक्त कुठे वाहते ठेवायचे आणि जखमेच्या जागी कुठे गोठू द्यायचे, भिंतीपलीकडे काय जाऊ द्यायचे आणि काय अडवायचे, हे सारे हा थर ठरवतो. रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० मध्ये सशाच्या धमनीच्या पट्ट्यांवर केलेला प्रयोग प्रत्येक शाळेत शिकवावा असा आहे. अस्तर शाबूत असलेली पट्टी विशिष्ट रसायन लागताच सैलावली. अस्तर खरवडलेली पट्टी काही केल्या सैलावेना. अस्तरातून सुटणारा, वाहिनीला सैल करणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे सिद्ध झाले, आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळाले. एका पेशीच्या जाडीच्या या थरावर माणसाचा रक्तदाब, त्याचे हृदय, त्याचा मेंदू उभा आहे.

आता मूत्रपिंडाकडे वळू. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त ढकलते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या दोन अवयवांना जातो. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत, आणि प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला कामाचा सगळा भाग शरीर परत ओढून घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. मूत्रपिंड हा अवयव मुळात रक्तवाहिन्यांचाच बनलेला आहे, हे लक्षात घेतले की पुढचे आपोआप समजते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की सर्वांत आधी इथले नाजूक अस्तर फाटते आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत गळू लागते. लघवीला फेस येतो. तो फेस पाहून माणूस पाणी ओततो आणि बाहेर येतो.

डेन्मार्कमधील स्टेनो रुग्णालयातील डेकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडले की मधुमेहाच्या रोग्याच्या लघवीत अल्ब्युमिन दिसणे ही केवळ मूत्रपिंडाची तक्रार नाही. साऱ्या शरीरभर रक्तवाहिन्यांचे अस्तर गळू लागले आहे, याची ती खूण आहे. डोळ्याच्या पडद्यात तेच चालू असते, हृदयाच्या धमन्यांत तेच, मेंदूच्या बारीक वाहिन्यांत तेच. फरक इतकाच की मेंदूतली गळती बाहेरून दिसत नाही आणि लघवीतली दिसते. देहाने आपली व्यथा सांगण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा दार ठोठावावे आणि आपण ते उघडू नये, हा केवढा करंटेपणा!

पण खरी दुष्टता पुढे आहे. रक्तवाहिन्या बिघडल्या म्हणून मूत्रपिंड बिघडते, इतकेच असते तर गोष्ट एकेरी राहिली असती. बिघडलेले मूत्रपिंड उलटून साऱ्या रक्तवाहिन्यांवर चालून जाते. आपण खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग आतड्यातले जिवाणू फोडतात. त्यातून तयार होणाऱ्या द्रव्यांपासून यकृतात इंडॉक्सिल सल्फेटसारखी विषे बनतात. निरोगी मूत्रपिंड ती रोजच्या रोज बाहेर फेकते. थकलेले मूत्रपिंड फेकू शकत नाही. मग ही विषे रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून चोवीस तास अस्तराच्या पेशींना भाजत राहतात. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे एडीएमए नावाचे द्रव्य शरीर स्वतःच बनवत असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांत ते साठत जाते, हे १९९२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले. म्हणजे वाहिनीला सैल करणारा पदार्थ तयारच होऊ दिला जात नाही. वाहिनी आवळलेली राहते. पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटतात, रक्तातल्या चकत्या (प्लेटलेट) चिकटतात, चरबी भिंतीत झिरपते, भिंत सुजते. मीठ आणि पाणी शरीरात तुंबते, रक्तदाब आणखी चढतो, आणि चढलेला रक्तदाब उरलेल्या गाळण्यांना फोडतो. चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, यावेळी अधिक वेगाने.

आणि मग चुना साठू लागतो. हे समजायला बऱ्हाणपूरकरांना दूर जायला नको. मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. २०२४ मध्ये त्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेले. आत उतरलेल्याने पाहिले असेल, बोगद्याच्या भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर चढले आहेत आणि पाण्याची वाट अरुंद झाली आहे. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाच्या धमन्यांत अगदी हेच घडते. रक्तातले फॉस्फेट बाहेर पडत नाही, कॅल्शियमचा तोल ढळतो आणि धमनीच्या मधल्या थरात क्षार साठतात. अधिक भयंकर हे की तिथल्या स्नायुपेशी हळूहळू हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. रबरासारखी लवचिक धमनी कडक होते. प्रत्येक ठोक्याला हृदयाला त्या कडक भिंतीवर रक्त आपटावे लागते, त्याचा डावा कप्पा जाड होतो, आणि एके दिवशी त्याची लय तुटते. दगडी बोगद्यातला चुना कसा काढावा यावर परिसंवाद व्हावेत, आम्हाला आनंदच आहे. विणकराच्या धमनीतला चुना निघत नाही. तो साठण्याआधीच त्याला थांबवावे लागते.

हे नवे ज्ञान आहे, असे कुणी म्हणू नये. लंडनच्या गाईज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्ये लिहून ठेवले की मूत्रपिंडाच्या रोगाने मेलेल्यांचे हृदय शवविच्छेदनात मोठे झालेले आढळते. त्यांनी कारणही सुचवले होते: रक्त दूषित झाल्याने बारीक वाहिन्यांतून ते पुढे ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असावा. अमेरिकेत २००४ मध्ये अकरा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि दिसले की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता साठच्या खाली, म्हणजे ४५ ते ५९ दरम्यान आली तरी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या झटक्यांचा धोका १.४ पट होतो; ३० ते ४४ मध्ये दुप्पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट, आणि १५ च्या खाली ३.४ पट. मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांपैकी कितीतरी लोक डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याआधीच हृदयाने जातात. ज्यांना आपण किडनीचे पेशंट म्हणतो ते या रोगाचे वाचलेले अवशेष आहेत. बाकीचे निधनवार्तेत गेले.

आणि आपण काय केले? दारे उघडायला फार उशीर झाल्यावर आपण यंत्रे मांडली. देशातल्या मूत्रपिंड-रोग्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बावन्न हजारांहून अधिक रोग्यांपैकी जवळपास निम्मे, ४८ टक्के, पहिल्यांदा तज्ज्ञासमोर आले तेच मुळी पाचव्या, शेवटच्या टप्प्यात. निम्मे! २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्र्यांनीच सांगितले की देशात दरवर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात, आणि जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. योजना हवीच होती. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून घेणाऱ्या माणसाचा एकही फेरा आम्ही कमी करू मागत नाही. पण डायलिसिसने अस्तर पूर्ववत होत नाही. अल्ब्युमिनला चिकटलेली विषे यंत्राच्या पडद्यातून नीट सुटतच नाहीत. आणि डायलिसिसला लागणारा फिस्टुलासुद्धा, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून तयार केलेली वाट, जी १९६६ पासून जगभर वापरली जाते, ती याच नासलेल्या वाहिन्यांवर उभारावी लागते. वाहिनी कडक असेल तर फिस्टुला नीट बसत नाही, बंद पडतो, पुन्हा करावा लागतो. मंत्र्यांनी यंत्राची फीत कापावी, छायाचित्र निघावे, आणि त्याच जिल्ह्यात लघवीची साधी तपासणी होऊ नये, ही आरोग्यसेवा म्हणता येत नाही. हा अपयशाचा समारंभ आहे.

तपासणी किती अवघड आहे? आता हे वाक्य शांतपणे वाचा. ती आपल्या प्रत्येक गावात आजही होते. उपकेंद्रातली एएनएम ताई गरोदर बाईच्या लघवीत पट्टी बुडवते, अल्ब्युमिनसाठी रंग बघते, कारण गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि लघवीतून जाणारे प्रथिन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठते, आणि तोही रक्तवाहिन्यांच्या अस्तराचाच आजार आहे. पट्टी आहे. हात आहेत. रजिस्टर आहे. त्याच अंगणात खाटेवर बसलेली सासू दहा वर्षांपासून साखरेच्या गोळ्या खाते, सासऱ्याचे बीपी चढलेले आहे, नवऱ्याने मागावर उभे राहून पाय सुजवले आहेत. त्यांची लघवी तपासायला काय मुहूर्त लागतो? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची जी तपासणी सरकार घरोघर करते, तिच्यात रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग आहेत. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेत मूत्रपिंडाचे नाव आले, पण अंगणातल्या तपासणीत ते उतरले नाही. आमचे म्हणणे इतकेच: ज्याचे बीपी मोजले, ज्याची साखर मोजली, त्याची लघवी त्याच बैठकीत तपासा. पट्टी सुरुवातीची बारीक गळती चुकवते, हे खरे. म्हणून साखरेच्या आणि बीपीच्या प्रत्येक रोग्याचे लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण वर्षातून एकदा प्रयोगशाळेत मोजलेच पाहिजे. ते ३० च्या वर गेले की घंटा वाजली.

इथे प्रयोगशाळांनाही खडसावायला हवे. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ लिहायचे, शेजारी कंसात 'नॉर्मल' अशी मर्यादा छापायची आणि रोग्याला घरी पाठवायचे, ही पद्धत गुन्ह्याइतकी वाईट आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. ज्याच्या अंगावर मांसच नाही त्याचे क्रिएटिनिन कमी दिसते, मूत्रपिंड अर्धे गेले तरी. साठ वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर आज वापरात असलेल्या सूत्राने तिच्या मूत्रपिंडाची क्षमता येते सुमारे ५२. हा तिसरा टप्पा आहे! आणि तिच्या हातात 'नॉर्मल' असा कागद आहे. आपल्याकडची वाळलेली शेतमजूर बाई, दिवसाचे बारा-बारा तास मागावर काढणारा हडकुळा कारागीर, यांच्याबाबतीत तर ती फसगत आणखी मोठी होते. वय आणि लिंग रिपोर्टवर असतेच. त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढून छापायला संगणकाला क्षणही लागत नाही. सरकारी असो वा खासगी, बऱ्हाणपूरच्या आणि जळगावच्या प्रत्येक प्रयोगशाळेने क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापावा. तो न छापणाऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट डॉक्टरांनी परत पाठवावा.

बऱ्हाणपूरची गोष्ट आणखी बिकट आहे ती इथल्या कामामुळे. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. पत्र्याच्या छपराखाली माग खडखडत असतात, कपाशीची धूळ उडते, आणि धागा तुटू नये म्हणून खिडक्या, पंखे बंद. घाम वाहतो, पाणी प्यायला उसंत नाही, कारण माग थांबला की मजुरी थांबली. बागांमध्ये केळीचे घड पाठीवर वाहून नेणाऱ्यांची तीच दशा. मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मधुमेह नसताना, रक्तदाब नसताना निकामी होत गेली. रोजच्या रोज उष्णतेत शरीर कोरडे पडणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. आंध्रातील उद्दानम, छत्तीसगडमधील सुपेबेडा ही नावे याच दुःखासाठी देशभर ठाऊक झाली. आणि आपल्याकडे त्यात भर पडते ती गोळीची. रात्री पाठ धरली, गुडघा दुखला, की दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाहीतर कुणाच्या तरी हातून एक इंजेक्शन. ही औषधे मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवणाऱ्या द्रव्यांनाच रोखतात. घामाने आधीच कोरड्या झालेल्या देहात तीच वाहिनी आवळली की गाळण्यांना रक्त मिळत नाही. दहा रुपयांत मिळणारा आराम दहा वर्षांचे आयुष्य घेऊन जातो. चिठ्ठीशिवाय या गोळ्या विकणारा दुकानदार आणि मजुराला रोज इंजेक्शन टोचणारा भोंदू, दोघेही या मृत्यूंचे वाटेकरी आहेत, हे आम्ही ठणकावून सांगतो.

सातपुडा ओलांडून दक्षिणेला उतरले की बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद आणि संग्रामपूर लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमिनीतले पाणीच खारट. पिढ्यान् पिढ्या तेच पाणी प्यायलेल्या या गावांत घरागणिक किडनीचे रोगी असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या, आंदोलने झाली, वान धरणावरून गोडे पाणी आणण्याच्या योजना आल्या. खारे पाणी हेच एकमेव कारण की त्यासोबत आणखी काही, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण लोक मरतात, यावर तर एकमत आहे ना? पाण्याचे नमुने घेऊन जाणारी पथके येतात; त्याच माणसांची लघवी घेऊन, त्याच माणसांना दहा वर्षे धरून ठेवून तपासत राहणारी यंत्रणा उभी राहत नाही. ही पूर्णा पुढे चांगदेवला तापीत मिळते. मध्य प्रदेशातल्या, तापीकाठच्या बऱ्हाणपूरने तिकडच्या दुःखाला परक्या राज्याचे दुःख म्हणू नये. रोग राज्याची हद्द पाहत नाही. रुग्णाचे कार्ड मात्र पाहते, आणि तेही थांबले पाहिजे. बऱ्हाणपूरचा रोगी भुसावळ-जळगावला जातो, रावेरचा बऱ्हाणपूरला येतो, हे वास्तव आहे. दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी या सीमावर्ती पट्ट्यासाठी मूत्रपिंड-रोग्यांची एकच नोंद ठेवावी.

आता समाजाकडे वळतो, कारण सरकारला शिव्या देऊन आपले हात धुऊन घेणे आम्हाला मान्य नाही. लघवीची बाटली हातात घेऊन दवाखान्यात जायची आपल्याला लाज वाटते. बाईला तर त्याहून अधिक. फेस येतो हे ती नवऱ्यालाही सांगत नाही. पाय सुजले तर म्हणतात वाताचे आहे, डोळ्याखाली सूज आली तर म्हणतात झोप झाली नसेल. डायलिसिस एकदा लागले की सुटत नाही, या भीतीने लोक तज्ज्ञाकडे जातच नाहीत आणि त्या न जाण्यामुळेच डायलिसिस लागते. कुणी काढा सांगतो, कुणी भस्माची पुडी देतो, कुणी मुतखड्याचे पाणी. महिने निघून जातात आणि गाळण्या निघून जातात. घरात पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या, शेव, फरसाण: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि आपल्या ताटात ते पहिल्याच जेवणात पुरे होते.

बायकांबद्दल एक आकडा लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयवरोपणांपैकी २९,००० हून अधिक पुरुषांवर झाली आणि अवघी ६,९४५ बायकांवर. आणि जिवंतपणी मूत्रपिंड काढून देणाऱ्यांत बायकाच पुढे. नवऱ्याला किडनी देणारी बायको, मुलाला देणारी आई, भावाला देणारी बहीण यांचे कौतुक आपण तोंडभरून करतो. तिला लागली की मात्र ऑपरेशनचा खर्च आठवतो, पोरांची लग्ने आठवतात. जिचे पाय सुजलेत हे घरात कुणाला दिसत नाही, तिच्या लघवीची तपासणी कोण करवून आणणार? ज्या घराने सून आणताना तिचे सोने मोजले, त्या घराने तिचे बीपी वर्षातून एकदा मोजले असते तर हा आकडा वेगळा असता.

उपाय नाही, असे कुणी म्हणू नये. उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत, म्हणूनच आमचा संताप इतका आहे. रक्तदाब ताब्यात ठेवणारी आणि लघवीतली अल्ब्युमिनची गळती कमी करणारी लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे जुनी आहेत. मधुमेही रोग्यांत लोसार्टनमुळे मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो हे २००१ मध्येच सिद्ध झाले. त्यानंतर साखरेसाठी आलेल्या एका नव्या गटाच्या औषधांनी तर सारे चित्र पालटले. २०१९ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले की ही औषधे मूत्रपिंडही वाचवतात आणि हृदयही; त्यातली दुसरी चाचणी मधुमेह नसलेल्या रोग्यांनाही धरून होती. त्या चाचणीतल्या डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले, त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. आज डझनावारी भारतीय कंपन्या ती बनवतात आणि किंमत सामान्याच्या आवाक्यात आली आहे. कोणती गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवील, आणि पोटॅशियम तपासल्यावाचून लोसार्टन-टेल्मिसार्टन तर कुणी आपल्या मनाने सुरू करूच नये. पण ही औषधे आयुष्मान आरोग्य मंदिराच्या कपाटात मोफत असली पाहिजेत. डायलिसिसच्या एका वर्षाच्या खर्चात कितीतरी माणसांना ती वर्षानुवर्षे पुरतील, हा हिशेब करायला अर्थशास्त्री लागत नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्यावर ठराव केला. जगात सुमारे पंच्याऐंशी कोटी लोकांना मूत्रपिंडाचा आजार असल्याचा अंदाज आहे. भारतात अनेक शहरांत भरवलेल्या तपासणी-शिबिरांत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शंभरात सतरा जणांत हा आजार सापडला होता. ठराव जिनिव्हात होतात. त्यांची अंमलबजावणी शनवाऱ्यात, इतवाऱ्यात, लालबागेत, नेपानगरात, खकनारच्या आदिवासी पाड्यांवर व्हायची असते.

आणि बऱ्हाणपूर हे करू शकत नाही, असे आम्हाला कुणीही सांगू नये. २००३ मध्ये जिल्हा झालेले हे शहर. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात. याच जिल्ह्याने जुलै २०२२ मध्ये गावोगावच्या प्रत्येक घरात नळाने पाणी पोहोचवून देशातला पहिला 'हर घर जल' प्रमाणित जिल्हा होण्याचा मान मिळवला. जो जिल्हा प्रत्येक चुलीपर्यंत पाणी नेऊ शकतो तो प्रत्येक घरातून एक बाटली लघवी उपकेंद्रापर्यंत नेऊ शकत नाही? जिल्हाधिकाऱ्यांनी, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, आमदार-खासदारांनी याचे उत्तर द्यावे. यंत्रमागाच्या मालकांनी आपल्या शेडमध्ये पिण्याचे थंड पाणी, तासाला पाच मिनिटांची विश्रांती आणि वर्षातून एकदा कामगारांच्या तपासणीचा दिवस द्यावा. मशिदींनी जुम्याच्या नमाजानंतर, मंदिरांनी कीर्तनानंतर, बोहरा आणि शीख बांधवांनी आपापल्या स्थानी हाच निरोप द्यावा. औषध दुकानदारांच्या संघटनेने चिठ्ठीशिवाय वेदनाशामके न विकण्याची शपथ जाहीरपणे घ्यावी.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक मूत्रपिंड दिन येतो. येत्या त्या दिवसापर्यंत बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या साखरेच्या आणि बीपीच्या प्रत्येक नोंदलेल्या रोग्याची लघवी आणि क्रिएटिनिन तपासून, ईजीएफआरसह आकडे गावनिहाय जाहीर झालेच पाहिजेत. आणि वाचकहो, तुमच्या घरात ज्याला बीपी किंवा साखर आहे त्याला उद्या सकाळी उपकेंद्रात घेऊन जा. आईपासून सुरुवात करा.